तुम्ही विचारलंत म्हणून: कॅनव्हासवरचं चित्र ब्लर का दिसतं?

कॅनव्हासवर, म्हणजे वेबपानात कोडने चित्र काढण्याच्या एचटीएमएल टॅगवर, काम सुरू केलेले लोक एक प्रश्न हमखास विचारतात. “कोड बरोबर आहे, चौकोन हवा तिथेच येतोय, रंगही ठीक आहेत. मग सगळं ब्लर का दिसतंय? आणि मोबाइलवर तर जास्तच!” यावर “इथे दोनाने गुणा, तिथे ०.५ मिळवा” असे तोडगे मिळतात. ते कधी चालतात, कधी बिघाड वाढवतात. कारण समजून घेतलं तर तोडगे पाठ करावे लागत नाहीत.

कॅनव्हासला दोन मापं असतात. टॅगमधले विड्थ आणि हाइट हे अ‍ॅट्रिब्यूट बिटमॅपचं माप ठरवतात, म्हणजे चित्र ज्यात साठतं त्यात आडवे किती आणि उभे किती ठिपके आहेत ते. सीएसएसमधली (पानाची मांडणी सांगणाऱ्या भाषेतली) रुंदी-उंची फक्त पानावर किती जागा घ्यायची ते सांगते. अ‍ॅट्रिब्यूट दिलेच नाहीत तर बिटमॅप ३०० बाय १५० चा होतो. मग सीएसएसमध्ये ९०० बाय ६०० लिहिलं की ब्राउझर तोच छोटा बिटमॅप आडवा तिप्पट आणि उभा चौपट ताणतो. वर्तुळाच्या जागी उभट लंबगोल दिसला, तर आधी हेच तपासा.

ही दोन मापं जुळवूनही मोबाइलवर धूसरपणा राहतो, कारण सीएसएसचा पिक्सेल आणि पडद्यावरचा खरा ठिपका एकच नसतात. अ‍ॅपलने २००४ मध्ये मॅकवरच्या डॅशबोर्ड या सोयीसाठी कॅनव्हास आणला, तेव्हा बहुतेक पडद्यांवर एक पिक्सेल म्हणजे एक ठिपका हे गणित चालत होतं. आता नाही. डिव्हाइस पिक्सेल रेशो नावाचा आकडा हे प्रमाण सांगतो. मॅकच्या रेटिना (दाट ठिपक्यांच्या) पडद्यावर तो २, अनेक फोनवर ३, आणि विंडोजमध्ये स्केलिंग १२५ टक्के ठेवलं असेल तर १.२५. ब्राउझरचा झूम बदलला तरी तो बदलतो, खिडकी एका मॉनिटरवरून दुसऱ्यावर नेली तरी बदलतो. म्हणून पान उघडताना एकदाच वाचून ठेवण्यात अर्थ नाही.

दुरुस्तीचा क्रम असा. आधी सीएसएसमध्ये कॅनव्हासची रुंदी आणि उंची दोन्ही पक्की करा. मग विड्थ अ‍ॅट्रिब्यूटला सीएसएस रुंदी गुणिले रेशो, पूर्णांकात आणून द्या. हाइटचंही तसंच. त्यानंतर कॉन्टेक्स्टवर (चित्र काढायच्या आज्ञा ज्याला देतो त्या ऑब्जेक्टवर) सेटट्रान्सफॉर्म बोलावून दोन्ही दिशांना रेशोइतकं मोठं करा, म्हणजे बाकीचा कोड सीएसएसच्या आकड्यांतच राहतो. शेवटी सगळं पुन्हा काढा. ३६० बाय २४० चा कॅनव्हास आणि रेशो ३ असेल, तर बिटमॅप १०८० बाय ७२० चा होतो.

क्रम महत्त्वाचा आहे. विड्थला किंमत दिली, अगदी पूर्वीचीच दिली तरी बिटमॅप पुसला जातो आणि कॉन्टेक्स्टची सगळी अवस्था मूळ पदावर येते. फॉन्ट परत १० पिक्सेल सॅन्स-सेरिफ होतो, रंग काळा होतो, ट्रान्सफॉर्म जातो. आधी ट्रान्सफॉर्म लावून मग विड्थ दिली की आकृत्या कोपऱ्यात लहानशा दिसतात, ते यामुळेच. स्केलऐवजी सेटट्रान्सफॉर्म वापरा असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. स्केल आधीच्या ट्रान्सफॉर्मवर चढतो. तेच फंक्शन बिटमॅप न बदलता दोनदा चाललं तर २ चे ४ होतात.

सीएसएसचं माप पक्कं न करता हा उद्योग केला तर वेगळंच संकट येतं. सीएसएस गप्प असेल तेव्हा पानावरचा आकारही अ‍ॅट्रिब्यूटवरूनच ठरतो. तुम्ही विड्थ दुप्पट केली की कॅनव्हास पानावरही दुप्पट होतो. आकारावर रिसाइझऑब्झर्व्हर (आकार बदलला की कळवणारी ब्राउझरची सोय) बसवला असेल तर तो नवा आकार वाचून पुन्हा दुप्पट करतो, आणि चक्र थांबत नाही. याचाच सौम्य प्रकार म्हणजे कॅनव्हास इनलाइन (ओळीतल्या अक्षरासारखा) राहिल्यामुळे खाली उरणारी काही पिक्सेलची फट. बाहेरच्या डब्याची उंची मोजून ती कॅनव्हासला देत असाल तर डबा दरवेळी थोडा थोडा वाढत जातो. डिस्प्ले ब्लॉक केलं की फट जाते.

एवढं करूनही किंचित धूसर वाटत असेल तर बॉर्डर बघा. बॉक्स-साइझिंग बॉर्डर-बॉक्स (म्हणजे बॉर्डर रुंदीतच धरायची), रुंदी ३००, बॉर्डर १ पिक्सेल: चित्राला उरली २९८. तुम्ही बिटमॅप ३०० च्या हिशेबाने केला असेल तर तो २९८ मध्ये दाबला जातो आणि प्रत्येक उभी कड थोडी विरघळते. बॉर्डर बाहेरच्या डिव्हला द्या, प्रश्न मिटतो. दुसरा चोर म्हणजे मध्यावर आणण्यासाठी वापरलेला उणे ५० टक्क्यांचा ट्रान्सलेट, म्हणजे सीएसएसने मागे सरकवणं. रुंदी ३०१ असली तर कॅनव्हास अर्धा पिक्सेल सरकून बसतो. रेशो १.२५ असताना ३०१ गुणिले १.२५ म्हणजे ३७६.२५, पूर्णांक घेतल्यावर पाव ठिपक्याची तफावत उरते. तिथे रिसाइझऑब्झर्व्हरला डिव्हाइस-पिक्सेल-कंटेंट-बॉक्स मागितला तर ब्राउझर स्वतःच नेमके ठिपके सांगतो. मात्र ही सोय प्रत्येक ब्राउझरमध्ये मिळेलच असं धरू नका. नसेल तेव्हा गुणाकाराची वाट ठेवा.

आता एका पिक्सेलच्या रेघेचं. कॅनव्हासवर एक्स १० म्हणजे एखादा ठिपका नव्हे, ९ आणि १० क्रमांकाच्या ठिपक्यांमधली सीमा. स्ट्रोकची, म्हणजे ओढलेल्या रेघेची, जाडी त्या सीमेच्या दोन्ही बाजूंना अर्धी-अर्धी पडते, म्हणजे ९.५ ते १०.५. अर्धा ठिपका रंगवता येत नाही, म्हणून दोन्ही ठिपक्यांना निम्मा रंग मिळतो. काळी बारीक रेघ राखाडी आणि दुप्पट जाड दिसते. तीच १०.५ वर ओढली की बरोबर १० ते ११ व्यापते आणि धारदार येते. जाडी २ असेल तर उलट, पूर्णांकावरच ओढायची.

हे रेशो १ पुरतं झालं. रेशो २ असताना एक्स १० वरची एक सीएसएस पिक्सेलची रेघ १९ ते २१ हे खरे ठिपके व्यापते. ती ०.५ न मिळवताही स्वच्छ असते. रेशो ३ असताना तीच २८.५ ते ३१.५ वर जाते, दोन्ही कडा धूसर. १०.५ वर ३० ते ३३, स्वच्छ. आणि रेशो १.५ असताना १०.५ वरची रेघ १५ ते १६.५ येते, म्हणजे अर्धा मिळवूनही एक कड मऊच. म्हणून सुरुवातीलाच पूर्ण कॅनव्हास ०.५ ने सरकवून ठेवण्याचा तोडगा मला अजिबात पटत नाही. त्यात रेशो १ वर फिलरेक्टचे चांगले भरीव चौकोन आणि ड्रॉइमेजची चित्रंही अर्ध्या पिक्सेलवर जाऊन बिघडतात. चार्टच्या आडव्या-उभ्या जाळीसाठी स्ट्रोक सोडून द्या. ट्रान्सफॉर्म काढा, जागेला रेशोने गुणून पूर्णांक करा, जाडीला गुणून पूर्णांक करा, ती एकपेक्षा कमी होऊ देऊ नका, आणि फिलरेक्टने बारीक पट्टी भरा. कोणत्याही रेशोवर रेघ कापल्यासारखी येते.

हलत्या आकृत्यांना मात्र पूर्णांकाची सक्ती करू नका. वेगाने जाणाऱ्या चेंडूला काही फरक पडत नाही, पण हळू सरकणारी आकृती ठिपक्याठिपक्याने अडखळत जाते. तिथे थोडा मऊपणा परवडतो.

फोटो किंवा आयकॉन ड्रॉइमेजने मोठा केला की ब्राउझर शेजारच्या ठिपक्यांचे रंग मिसळतो. जुन्या गेमसारखी चौकटीदार चित्रं असतील तर इमेजस्मूदिंगएनेबल्ड फॉल्स करा. ही किंमतही विड्थ बदलली की परत ट्रू होते, विसरू नका. अक्षरांच्या बाबतीत आधी फॉन्ट उतरला आहे ना ते बघा. वेबफॉन्ट यायच्या आत फिलटेक्स्ट केलं तर पर्यायी फॉन्टमध्ये मजकूर उमटतो आणि आपोआप बदलत नाही. डॉक्युमेंट डॉट फॉन्ट्सच्या लोडची वाट पाहून मग काढा. आणि मराठी मजकूर टाइप होत असल्यासारखा दाखवायचा असेल तर एकेक अक्षर वेगळ्या जागी लिहू नका. जोडाक्षरं तुटतात, मात्रा सुट्या पडतात. दर वेळी सुरुवातीपासून तिथपर्यंतचा पूर्ण तुकडा द्या, आणि तो कुठे तोडायचा ते इंटल डॉट सेगमेंटरला (मजकुराचे अक्षरांत तुकडे पाडणारी जावास्क्रिप्टची सोय) विचारा.

चित्र स्वच्छ झालं की पुढची तक्रार ठरलेली: “आता क्लिक भलतीकडेच लागतंय.” माउसचे आकडे सीएसएस पिक्सेलमध्ये येतात. क्लायंटएक्स या क्लिकच्या आडव्या आकड्यामधून कॅनव्हासची डावी कड वजा केली की तुमच्या आकृत्यांच्या मापातला आकडा मिळतो, आणि चौकोनात बिंदू आहे का हे स्वतः तपासत असाल तर तो तसाच चालतो. पण इजपॉइंटइनपाथ (बिंदू आकृतीत आहे का ते सांगणारं फंक्शन) दिलेल्या बिंदूला ट्रान्सफॉर्म लावत नाही. त्याला बिटमॅपमधला बिंदू लागतो. रेशो २ असेल तर बिंदू दुप्पट करून द्या. ठिपक्यांचे रंग वाचणारं गेटइमेजडेटा आणि लिहिणारं पुटइमेजडेटाही बिटमॅपच्याच मापात बोलतात, त्यामुळे रंग उचलण्याच्या साधनात हाच गुणाकार राहिला की भलताच रंग हाती लागतो.

या स्वच्छतेला मेमरी लागते. प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट. ८०० बाय ६०० चा कॅनव्हास रेशो १ वर १९ लाख २० हजार बाइट घेतो, रेशो ३ वर नऊपट, म्हणजे पावणेदोन कोटींच्या आसपास. एकावर एक चार थर ठेवले असतील तर त्याच्या चौपट. आयफोनवरच्या सफारीत एका कॅनव्हासचं क्षेत्रफळ ४०९६ बाय ४०९६ च्या पलीकडे गेलं की चित्र कोरं येण्याची तक्रार जुनी आहे. तेव्हा मोठ्या, सतत हलणाऱ्या कॅनव्हाससाठी फोनवर ३ ऐवजी २ वरच थांबा. बारीक अक्षरांचा स्थिर थर वेगळा ठेवून फक्त त्यालाच पूर्ण रेशो दिला तर वाचनीयताही राहते आणि फोन तापतही नाही.