खर्च तर आधीपासूनच चालू आहे

हजेरी आणि पगारपत्रकं हे माझं रोजचं काम. त्यामुळे कामगारांच्या एचआयव्ही उपचारांचा खर्च मालकाने का उचलावा, असं कोणी विचारलं की मी उलट विचारते: आज हा खर्च तुम्ही कुठल्या खात्यात टाकताय?

उपचार न मिळालेला माणूस आधी अधूनमधून गैरहजर राहतो. सिक लीव्ह संपते, मग बिनपगारी रजा सुरू होते. त्याच्या जागी बदली कामगार उभा करावा लागतो, शेजारच्या मशीनवाल्याला ओव्हरटाइम द्यावा लागतो, रिजेक्ट माल वाढतो. शेवटी विम्याचे दावे, कुटुंबाला द्यायची देणी, नवी भरती, नव्या माणसाचं प्रशिक्षण. हे पैसे इतक्या खात्यांत विखुरतात की आजाराच्या नावावर काहीच दिसत नाही. औषधांचं बिल मात्र एकगठ्ठा समोर येतं, म्हणून तेच डोळ्यांत खुपतं.

बोत्स्वानातल्या देब्स्वाना या हिरेखाण कंपनीने २००१ मध्ये कामगारांना एआरटी, म्हणजे एचआयव्ही आटोक्यात ठेवणारी औषधं, द्यायला सुरुवात केली. तिथल्या हजेरीचा पुढे अभ्यास झाला. उपचारांआधीच्या साधारण वर्षभरात गैरहजेरी झपाट्याने वाढली होती. गोळ्या सुरू झाल्यावर वर्षभरात ती इतर कामगारांइतकी खाली आली. माझ्यासारखीला यापेक्षा बोलका पुरावा नको. दक्षिण आफ्रिकेतल्या एका कोळसा खाण कंपनीचा वीस वर्षांचा अंदाजी हिशेब २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. औषधांचा खर्च धरूनही एचआयव्हीमुळे पडणारा एकूण भार ५ टक्क्यांनी कमी निघाला. बचत छोटी आहे, पण माणसं जगवून झालेली आहे.

मात्र माणूस उपचारांना आला तरच हे गणित जमतं. दारावर 'एचआयव्ही कक्ष' अशी पाटी लावली तर तिथे कोण पाऊल टाकेल? बीपी-शुगरची तपासणी जिथे होते, तिथेच हीही व्हावी, अर्थात ज्याच्या-त्याच्या संमतीने. रिपोर्ट डॉक्टरकडेच राहावा. माझ्या विभागाला तो कळायची काहीएक गरज नाही. आणि तब्येत स्थिर असेल तर गोळ्या तीन महिन्यांच्या एकदम द्याव्यात, म्हणजे दर महिन्याला शिफ्ट बुडत नाही आणि सुपरवायझरला कारणं सांगत बसावं लागत नाही. नोकरी जाणार नाही हे लेखी द्यावं, आणि पाळावं.

या हिशेबातली एक गोष्ट मला मनापासून खटकते. कुशल कामगाराला वाचवण्यात कंपनीचा फायदा स्पष्ट दिसतो, कारण त्याच्या तोडीचा माणूस घडायला वर्षं लागतात. कंत्राटी हमालाच्या जागी मात्र उद्या दुसरा मिळतो, आणि आजाराचा भार त्याच्या घरावर नाहीतर सरकारी दवाखान्यावर पडतो. कंपनीच्या वहीत त्याची किंमत शून्य. म्हणून फायद्याचा मुद्दा मी मालकांपुढे जरूर मांडते, पण योजनेत कंत्राटी कामगार धरलेत का, हे पहिल्याच बैठकीत विचारते.