तीन-चार नंबरच्या ट्रॅकवरची नावं

डिलिव्हरी गेली की एपिसोड विसरायचा, ही आमच्या खात्यातली सवय. तिच्याशिवाय हे काम चौदा वर्षं करताच येत नाही. पण गेल्या महिन्यातला एक भाग अजून माझ्या डोक्यात चालूच आहे, म्हणून लिहून काढतेय. मालिकेचं नाव लिहिणार नाही. भागाचा क्रमांकही नाही. का, ते पुढे येईलच.

मी अंधेरीला वीरा देसाई रोडवरच्या एका पोस्ट-प्रॉडक्शन स्टुडिओत क्यूसी, म्हणजे तयार फाइलींची शेवटची तपासणी, करते. लोकांना वाटतं, हिला दिवसभर टीव्ही बघायचे पैसे मिळतात. बघते खरी, पण गोष्ट बघत नाही. ओठ आणि शब्द किती फ्रेमने मागेपुढे आहेत, आवाज कुठे फाटतो, दोन सीनच्या मध्ये एखादी काळी फ्रेम राहिली का, हे बघते. सेकंदाला 25 फ्रेम. त्यातली एक चुकली तरी अख्खी डिलिव्हरी परत येते.

काम एका ओटीटीसाठीचं होतं. गिरणगावातल्या चाळीवरची जुनी मराठी मालिका, 2000च्या सुमाराला बीटाकॅम या व्हिडिओ टेपवर शूट झालेली, 52 भागांची. 18 जानेवारी 1982ला सुरू झालेला गिरणी संप, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसलेले, आणि त्या काळातलं एक लालबागचं कुटुंब. क्लायंटने सर्व्हरवर दोन फोल्डर ठेवले होते, ए आणि बी. ए म्हणजे मूळ टेपवरून केलेली फाइल, प्रत्येक भाग 26 मिनिटांचा, सुमारे 10 जीबीचा. बी म्हणजे नंतर कधीतरी पुनर्प्रसारणासाठी एडिट केलेला, 21 मिनिटांचा, एक जीबीसुद्धा नाही. रात्रभर डाउनलोड लावून ठेवला, सकाळी चेकसम, म्हणजे फाइल जशीच्या तशी उतरली का ते सांगणारे आकडे, जुळवले, सगळे बरोबर. सोबतच्या मेलमध्ये एकच ओळ होती: दोन्हींपैकी जे चांगलं असेल ते घ्या.

"चांगलं" म्हणजे काय, हे कोणी सांगत नाही. 52 भागांचा निर्णय क्यूसीच्या टेबलावर ढकलून द्यायचा आणि वर संध्याकाळची डेडलाइन द्यायची, ही पद्धत मला मान्य नाही. हा निर्णय मालिका ज्यांनी बनवली त्यांना विचारून व्हायला हवा. पण ते कोण, कुठे आहेत, याची यादी क्लायंटकडेही नसते.

आमच्या टीममधला मुलगा म्हणाला, "ताई, बी घेऊ या ना. स्वच्छ आहे. ए मध्ये नुसती खरखर आहे."

खरखर होती, हे खरं. टेप जुनी झाली की चित्रावर पांढऱ्या रेघा चमकून जातात, त्याला आम्ही ड्रॉपआउट म्हणतो. तशा पहिल्या दहा मिनिटांत मी एकोणीस मोजल्या. शिवाय सगळे पुरुष बिनधास्त विड्या ओढतात. 1 सप्टेंबर 2023पासून ओटीटीलाही तंबाखूच्या दृश्याखाली इशाऱ्याची पट्टी चालवावी लागते, म्हणजे ए घेतलं तर ते काम वाढणार. बी मध्ये विड्या ब्लर केलेल्या, आवाज सरळ, रंग भडक.

पण बी ची स्वच्छता कशी आली, हे मुलाला दाखवायला मी दोन्ही फाइली शेजारी शेजारी लावल्या. जुना टीव्ही रुंदी-उंचीला चार बाय तीनचा. नवा सोळा बाय नऊचा. बी करणाऱ्याने चित्र रुंद पडद्यावर भरायला वरून-खालून कापलं होतं. चित्राच्या 576 ओळींतल्या 432 उरतात. चौथा हिस्सा गेला. चाळीच्या गॅलरीचा सीन होता. ए मध्ये वर दोरीवर वाळणारे कपडे, खाली जिन्यात खेळणारी पोरं, मध्ये नायिका. बी मध्ये नुसती नायिका. चाळच गेली! त्यात इंटरलेस, म्हणजे जुन्या टीव्हीची एकाआड एक ओळी दाखवायची पद्धत, काढताना अर्ध्या ओळी सरळ फेकून दिलेल्या, त्यामुळे साडीच्या काठाला, पायरीच्या कडेला करवतीसारखे दाते. मोबाइलवर दिसत नाहीत, मोठ्या टीव्हीवर दिसतात. रंग भडक केले की माणसाला आधी रंग दिसतो आणि दाते दिसत नाहीत, म्हणून ते भडक.

वेळेचा हिशेबही सांगते. केबल टीव्हीच्या नियमांत तासाला 12 मिनिटं जाहिराती, त्यातल्या दोन वाहिनीच्या स्वतःच्या. म्हणजे अर्ध्या तासात 24 मिनिटांचा कार्यक्रम बसायला हवा. पण आधीच्या भागाची आठवण, पुढच्या भागाची झलक, ब्रेकच्या आधीचं आणि नंतरचं तेच ते, सगळं त्यातूनच काढायचं. मग 26 मिनिटांच्या भागाला कात्री लागते. ती कुठे लागते? ज्या सीनमध्ये गोष्ट पुढे सरकत नाही तिथे. कपात करणारा एडिटर वाईट नसतो, त्याच्याकडे प्रत्येक भागाला अर्धा दिवस असतो. तरी माझा राग जात नाही.

मी ए घ्यायचं ठरवलं आणि एकेक भाग बघायला घेतला. तिसऱ्या दिवशी दुपारी तो भाग आला.

ए मध्ये मधोमध पावणेचार मिनिटांचा एक सीन आहे. बी मध्ये तो अख्खाच नाही, शेवटच्या श्रेयनामांसकट उडवलेला. संप सुरू होऊन वर्ष झालंय. नायक खाणावळीत शेवटचं जेवायला आलाय, उद्या गावी जाणार. खाणावळवाली आजी भाकऱ्या थापतेय. कॅमेरा तिच्यासमोर जमिनीवर, हलत नाही. वर तोंड, खाली हात, मध्ये चूल. ती अभिनेत्री नाही, हे पहिल्या मिनिटातच कळतं. ती नायकाशी बोलतच नाही, पिठाशी बोलते. सांगते, कोणाकोणाचं किती येणं राहिलं. अमका गाळ्यातला, साताऱ्याकडचा, तीन महिन्यांचं. तमका, मालवणकडचा, पाच महिन्यांचं, जाताना पाया पडून गेला. गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेली एकटी माणसं दहा-पंधराजणांत एक खोली घेऊन राहायची आणि अशा बायांकडे जेवायची. पगार झाला की पैसे. पगार थांबला तेव्हा या बायांचं काय झालं, हे मी कुठल्याही मालिकेत पाहिलं नव्हतं. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायांना एकत्र करून, एवढं मला वाचून माहीत होतं. ऐकलं मात्र पहिल्यांदा.

आणि ऐकताना खटकलं. ती नाव घ्यायला लागली की स्टोव्हचा भर्रर्र आवाज यायचा आणि नाव बुडायचं. ओठ हलताना दिसतात, "साताऱ्याकडचा" ऐकू येतं, त्याआधीचं नाही. सात वेळा. मी मागे-पुढे करून पाहिलं. चित्रात चूल आहे. स्टोव्ह कुठेच नाही.

इथे थोडं तांत्रिक सांगते, कारण सगळं त्यावरच आहे. बीटाकॅम एसपीच्या टेपवर आवाजाचे चार ट्रॅक. एक आणि दोन टेपच्या कडेला लांबीने असतात, त्यांच्यावर चित्राला हात न लावता नंतरही नवीन आवाज भरता येतो. तीन आणि चार हे चित्राच्याच पट्ट्यांमध्ये, चित्रासोबत लिहिले जातात. ते नुसते बदलता येत नाहीत. बदलायचे तर चित्रही पुन्हा लिहावं लागतं. प्रसारणात एक-दोनच वाजायचे, म्हणून तीन-चारकडे कोणी बघायचं नाही. बहुतेक फाइलींमध्ये तिथे काहीच नसतं, किंवा एक-दोनचीच प्रत असते. नव्या मुलांना ते ट्रॅक उघडायची सवयच नाही.

मी उघडले. तीन-चारवर स्टोव्ह नव्हता. नावं होती.

तो क्षण मी विसरणार नाही. पंचवीस वर्षं कोणी न ऐकलेली सात माणसांची नावं, आडनावासकट, गावासकट. चुलीतलं लाकूड तडतडतंय आणि ही बाई हजेरी घ्यावी तशी एकेकाला हाक मारतेय. सीन पूर्ण वेगळा होतो. नावांशिवाय ती हिशेब करत असते. नावांसकट ती त्यांची वाट बघत असते.

मला वाटलं, कोणीतरी सेन्सॉर केलंय आणि मी ते परत मिळवलंय. मी लगेच एक-दोन काढून त्या जागी तीन-चार बसवले, लेव्हल जुळवली, सगळ्यांना बोलावून ऐकवलं. आमचे सर सहसा कौतुक करत नाहीत. ते म्हणाले, "ओरिजिनल म्हणजे हे." संध्याकाळी सात वाजता फाइल डिलिव्हरीच्या रांगेत होती.

मग, कोणी झाकलं असेल, या एकाच कुतूहलाने मी श्रेयनामं पाहिली. ती फक्त ए मध्ये होती. संकलक म्हणून जे नाव होतं ते आमच्या सरांच्या ओळखीतलं निघालं. निवृत्त होऊन डोंबिवलीला असतात. मी फोन लावला, ओळख सांगितली, सीन सांगितला.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "स्टोव्ह आमच्या घरचा. मीच रेकॉर्ड करून आणला होता."

मी विचारलं, चॅनेलने सांगितलं का?

"चॅनेलचा काय संबंध! अगं, ती बाई खरी खाणावळवाली. तिला फक्त सांगितलं होतं की संपाच्या वेळचं बोला. ती खरंच बोलली. खरी माणसं, खरी उधारी. पहिल्यांदा लागला तो भाग नावांसकटच लागला. दोन दिवसांनी मुलाला घेऊन ती ऑफिसात आली. म्हणाली, साहेब, मी बोलून गेले, पण त्यांच्या गावालाही टीव्ही आहे. एकाच्या घरात लगीन ठरतंय. माझे पैसे गेले ते गेले, सगळ्यांचंच गेलं त्या संपात. त्यांची नावं काढा."

दिग्दर्शक तयार नव्हते. नावांशिवाय सीन मेला, असं त्यांचं म्हणणं. काकांनी त्यांच्याशी भांडून, पुनर्प्रसारणाच्या आदल्या रात्री एक-दोनवर स्टोव्ह भरला. तीन-चार बदलायला चित्र पुन्हा उतरवावं लागलं असतं, तेवढा वेळ नव्हता, आणि ते ऐकणार कोण होतं!

"बाई आता कुठे असतात?" मी विचारलं.

"चाळ पडली. टॉवर झाला. पुढचं मला माहीत नाही." दिग्दर्शकही आता हयात नाहीत. काका फोन ठेवताना म्हणाले, "तू ऐकलीस ना ती नावं? बरं झालं. आता राहू दे."

मी रांगेतली फाइल मागे घेतली. चित्र ए चं, आवाज एक-दोनचा, स्टोव्हसकट. सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "डेडलाइन सांभाळ आणि तुला पटेल ते कर." घाटकोपरची शेवटची मेट्रो सुटली तेव्हा मी स्टुडिओतच होते. फाइल रात्री एक वाजता गेली. फॉर्मवर व्हर्जनच्या रकान्यात दोनच पर्याय असतात, मूळ किंवा संपादित. मी "मूळ" निवडलं आणि पाठवून दिलं.

पण ते बरोबर होतं का, हे मला अजून ठरवता येत नाही. दिग्दर्शकाचं म्हणणं मला पटतं. मी तो सीन नावांसकट ऐकलाय, तोच खरा आहे. ती माणसं आज असतील तर ऐंशीच्या घरात, बहुतेक नसतीलच. ज्या मुलीचं लग्न ठरत होतं तिची मुलं एव्हाना कॉलेजात असतील. उधारीची लाज आज कोणाला वाटणार? उलट एखादा नातू म्हणेल, माझ्या आजोबांचं नाव या बाईने इतक्या वर्षांनी असं घेतलं. हे सगळं मी स्वतःला सांगते आणि मग आठवतं, की ती बाई मुलाला घेऊन लालबागहून त्या ऑफिसात आली होती. तिने विचारलं होतं, तिला शब्द मिळाला होता. तो शब्द किती वर्षांनी संपतो, हे मी कशी ठरवणार?

गेल्या आठवड्यात क्लायंटच्या तांत्रिक विभागाचा मेल आला. या भागात फक्त दोनच ट्रॅक का? संग्रहासाठी चारही पाठवा, फरक असेल तर रिमार्कमध्ये लिहा. आमच्याकडच्या डाउनलोड फाइली करारानुसार 90 दिवसांनी पुसल्या जातात, पण मूळ टेप त्यांच्या गोदामात आहे आणि तीन-चार तिच्यावर आहेतच. मी रिमार्कमध्ये खरं कारण लिहिलं, तर ते वाचून कोणीतरी ती नावं शोधायला जाईल, "अनकट" म्हणून जाहिरात करेल. नाही लिहिलं, तर पुढच्या वेळी माझ्यासारखीच कोणी ते ट्रॅक उघडेल, तिला वाटेल आपण काहीतरी परत मिळवलं, आणि तिच्याकडे काकांचा नंबर नसेल.

तीनदा लिहून खोडलंय. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे.