शेवटचा बोल्ट

खंबाटकी घाटात त्या शनिवारी कुणाला खरचटलंसुद्धा नाही. खरचटलं असतं तर हे लिहीत बसलो नसतो. अपघाताची गोष्ट लोकांना आपोआप पटते. इथे गाडी निघाली, ट्रॅफिक सुटलं, एका फिटरची पाठ थोपटली गेली आणि मी पाने पेटीत टाकून परत आलो. सोबत भाचा होता. तो माझ्याकडे काम शिकतो. त्याने सगळं पाहिलं, आणि माझी खरी पंचाईत तिथून सुरू झाली.

माझं गॅरेज शिरवळजवळ, हायवेला लागून. आयटीआयला मोटार मेकॅनिकचा ट्रेड केला, पण ब्रेकचं काम शिकलो ते उस्तादांच्या हाताखाली. आता कामं बहुतेक ट्रकची, त्यातही ब्रेकची. पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या गाड्या घाट चढून जायच्या, येणाऱ्या बोगद्यातून यायच्या. त्यामुळे चढावर एक मोठी गाडी बसली की मागे सगळंच अडायचं. त्यात मे महिन्यातला शनिवार. महाबळेश्वर-पाचगणीला निघालेल्या कारगाड्यांची भर.

सकाळी दहाच्या सुमाराला ट्रकवाल्या शेठचा फोन आला. दहा टायरी गाडी, गुजरातेतल्या मोरबीची फरशी भरून कोल्हापूरला चाललेली, अर्ध्या घाटात थांबली. हवा बसली, बझर वाजला, मागची चाकं जाम. "हँडब्रेक सोडवून दे फक्त, बाकीचं नंतर बघू," शेठ म्हणाले. या 'फक्त'ने या धंद्यात किती जणांचे हातपाय घेतलेत!

कार चालवणाऱ्यांना हे ठाऊक नसतं म्हणून सांगतो. कारचा हँडब्रेक आपण ओढला की लागतो. ट्रकचं उलटं आहे. मागच्या चाकांपाशी ब्रेकचे गोल चेंबर असतात, प्रत्येकाचे दोन कप्पे. पुढच्या कप्प्यात पायाच्या ब्रेकची हवा येते. मागच्यात एक जाडजूड स्प्रिंग असते, तिला हवेनेच दाबून धरलेलं असतं. टाक्यांमध्ये सात-आठ बार हवा आहे तोवर स्प्रिंग गप्प. हवा गेली की ती सुटते, ब्रेक आवळते आणि गाडी जागच्या जागी थांबते. चढावर पाईप फुटला तरी गाडी मागे घरंगळू नये म्हणून केलेली सोय आहे ही, आणि ज्याने केली त्याला माझा नमस्कार.

ती स्प्रिंग जवळजवळ टनभर जोर लावते. म्हणून चेंबरचा तो भाग कधीही खोलायचा नसतो. त्यावर तसं छापलेलं असतं, हल्ली तर कंपन्या पत्रा दुमडून कायमचाच बंद करतात. तरी छिन्नी घेऊन बसणारे मी पाहिलेत. उस्तादांच्या शेडच्या पत्र्याला वीतभर भोक होतं. ते कशाने पडलं हे ते प्रत्येक नव्या पोराला सांगायचे, आणि ज्याच्या हातून पडलं तो वाचला कसा हे त्यांनाही सांगता यायचं नाही.

हवा नसताना चाक मोकळं करायचं तर चेंबरच्या मागे एक लांब बोल्ट असतो. तो पान्याने फिरवत बाहेर काढला की आत स्प्रिंग पुन्हा आवळली जाते. शेठच्या 'फक्त'चा अर्थ एवढाच: खाली झोप, बोल्ट फिरव, बाहेर ये.

आम्ही मोटारसायकलवर निघालो. भाच्याच्या मांडीवर गोणी, गोणीत चाकांखाली अडकवायचे चार गुटके. हे गुटके माझ्या अभिमानाची वस्तू आहेत. बाभळीचं लाकूड, सुताराकडून टायरच्या गोलाईला बसतील असे तिरके कापून घेतलेले, तळाला जुन्या टायरचं रबर ठोकलेलं म्हणजे डांबरावर सरकत नाहीत. आपल्याकडे ड्रायव्हर दगड लावतात आणि गाडी निघाली की दगड तिथेच सोडून जातात. रात्री दुचाकीवाला त्याच दगडावर जातो. गाडीखाली जाताना जिवाची काळजी घेणारी माणसं दगड उचलायला का विसरतात, हे मला कधी कळलेलं नाही.

पोचलो तेव्हा ड्रायव्हर केबिनमध्ये घाम पुसत होता. रात्रभर गाडी चालवलेली, डोळे तांबडे. ब्रेक सोडायचा नॉब आत दाबायला सांगितला आणि मागे जाऊन ऐकलं: उजवीकडच्या एका चेंबरमधून सूं सूं हवा. आतलं रबर फाटलेलं. एकाच चेंबरमध्ये गळती, पण त्या लाईनीत हवा भरतच नाही म्हणून मागचे सगळेच ब्रेक आवळलेले. पायाच्या ब्रेकची लाईन वेगळी, तिच्यात हवा होती. आम्ही मागच्या टायरांना गुटके लावले.

इथे दोन रस्ते असतात. एक, फाटक्या चेंबरचा तेवढा बोल्ट काढायचा, त्याचा पाईप खोलून नीट प्लग मारायचा आणि बाहेर यायचं. या सगळ्या वेळात बाकीच्या चेंबरनी गाडी धरून ठेवलेली असते. मग इंजिन चालू करून हवा भरायची, आणि खाली कुणी नाही हे बघून ड्रायव्हरने केबिनमधून ब्रेक सोडायचा. दुसरा रस्ता, सगळ्या चेंबरचे बोल्ट एकामागोमाग काढायचे. प्लग नको, हवेची वाट बघणं नको. फक्त शेवटचा बोल्ट सुटतो तेव्हा भरलेली गाडी चढावर मोकळी होते, आणि त्या क्षणी फिटर तिच्या चाकांमध्ये उताणा पडलेला असतो. 2018 साली केंद्राने दहा टायरी गाडीची मालासकट वजनाची मर्यादा 25 टनांवरून 28.5 टनांवर नेली. ती कागदावर. फरशीच्या गाडीत खरं किती असतं ते भरणाऱ्यालाच माहीत.

मी पहिल्या रस्त्याने जाणार होतो. अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. ट्रकच्या मागे पाच-सहा फुटांवर एक कार चिकटलेली होती, तिच्या मागे दुसरी, तिसरी. ब्रेक सुटताना गाडी वीतभर मागे येते, गुटका सरकला तर जास्तही. कारमध्ये बायकामुलं बसलेली. मी काचेवर टकटक केली, तर आतल्या साहेबांनी काच न उघडता हातानेच 'काय?' विचारलं. एसी बाहेर जाऊ नये म्हणून असेल.

वाहतूक पोलिसाला म्हटलं, "साहेब, मागच्या दोन-तीन गाड्या बाजूने काढून द्या. मग मी खाली जातो."

"मिस्तरी, कुठून काढू? पार पारगाव-खंडाळ्यापर्यंत रांग लागलीय. मागे अँब्युलन्स आहे. तुम्ही तुमचं काम करा ना!"

त्याचंही खोटं नव्हतं. चढावर बंद पडलेला ट्रक स्वतःच एक धोका असतो. मागून कोण कसा येऊन आदळेल सांगता येत नाही. पण मागे जागा झाल्याशिवाय मी ब्रेक सोडणार नव्हतो. वाट बघत थांबलो. शेठचे फोन येत राहिले.

तेवढ्यात पलीकडे एका कारच्या बॉनेटमधून वाफ निघाली आणि तिचा मालक टॉवेल घेऊन रेडिएटरच्या टोपणाला हात घालायला लागला. आत दाब असतो म्हणून शंभर अंशांच्या वर गेलेलं पाणीही उकळत नाही, आणि टोपण सैल झालं की ते सगळं एकदम तोंडावर येतं. मी ओरडायच्या आत भाचा पळत गेला, त्याचा हात धरला आणि म्हणाला, "काका, अर्धा तास हात लावू नका." काकांना राग आला. मला मात्र फार बरं वाटलं. हे त्याला मी त्या क्षणी सांगितलेलं नव्हतं.

मग तो फिटर आला. मोटारसायकल, एक पाना, एक पक्कड, खिशात तारेचं वेटोळं. कुणी बोलावला माहीत नाही, शेठनेच असणार. त्याने गाडीकडे एक नजर टाकली आणि ड्रायव्हरला म्हणाला, "पाय ब्रेकवर दाबून ठेव. मी सांगेपर्यंत काढायचा नाही." आणि खाली शिरला.

मी म्हटलं, "भाऊ, मागे माणसं आहेत."

"ड्रायव्हरचा पाय आहे ना!"

त्याचं गणित अगदीच चूक होतं असं नाही. पायाच्या ब्रेकला हवा होती, आणि तो दाबून ठेवला तर गाडी हलत नाही. फक्त खाली पाना फिरवणाऱ्या माणसाच्या आणि मरणाच्या मध्ये रात्रभर न झोपलेल्या ड्रायव्हरची पोटरी होती. एक फोन वाजला, पायात गोळा आला, मागून कुणी जोरात हॉर्न मारला, तर? मी केबिनच्या दारात उभा राहिलो आणि ड्रायव्हरशी बोलत राहिलो. गाव कुठलं, पोरं किती. दुसरं काय करणार.

हात सफाईदार होते त्या माणसाचे, हे कबूल करायला हवं. खाली अंधार, चिखल, जेमतेम कूस बदलण्याइतकी जागा, आणि तो एकेक बोल्ट काढत गेला, कुठे खळखळ नाही. मला तिप्पट वेळ लागला असता. गळक्या चेंबरचा पाईप त्याने वाकवला आणि तारेने आवळला. शेवटचा बोल्ट सुटला तेव्हा गाडी जराशी मागे बसली. मग तो बाहेर आला, कपडे झटकले, ट्रक वर निघाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. पोलीस मला म्हणाला, "बघा, झालं की नाही?"

ट्रक माझ्या गुटक्यांवर टेकला होता की ड्रायव्हरच्या पायाने धरला होता, हे मला सांगता येत नाही. ब्रेक सुटताना गाडी थोडी बसतेच. घरी आल्यावर एका गुटक्यावर टायरची नक्षी खोल उमटलेली दिसली. भाचा म्हणतो ती आधीपासून होती.

कुणाच्या लक्षात न आलेली गोष्ट पुढेच आहे. मागचे सगळे बोल्ट बाहेर, म्हणजे त्या गाडीला आता हँडब्रेक नाही, आणि हवा गेली तर आपोआप लागणारा ब्रेकही नाही. अशी गाडी घाट चढून पलीकडे सुरूरच्या बाजूला उतरणार, फरशीसकट. फिटर ड्रायव्हरला जाताना एवढंच म्हणाला, "आता कोल्हापूरपर्यंत थांबू नको." मी ड्रायव्हरला खाली उतरून पहिल्या गॅरेजला थांबायला सांगितलं. त्याने मान हलवली. मान काय, शेठचा फोन आल्यावर पुन्हा हलते.

परतीच्या वाटेवर भाचा बराच वेळ गप्प होता. मग मागून म्हणाला, "मामा, मग आपण एवढं सगळं करतो ते कशाला?" मोटारसायकलवर ऐकू आलं नाही असं दाखवता येतं, ते मी केलं.

त्यानंतर गॅरेजमध्ये बारीकसारीक बदल दिसायला लागले. बॅटरीचं काम असलं की तो आधी निगेटिव्ह काढायचा आणि हातातलं कडं खिशात टाकायचा. आता कडं तसंच हातात. ड्रममधली लायनरची, म्हणजे ड्रमला घासणाऱ्या ब्रेकच्या पट्टीची, धूळ ओल्या फडक्याने पुसायची, हवेच्या पाईपने उडवायची नाही, हा माझा नियम आहे, कारण जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं आणि आतलं लायनर कुठलं हे रंगावरून कळत नाही. परवा शेडमध्ये धुरळा दिसला. आणि एका टेम्पोखाली तो नुसत्या जॅकवर शिरला, गाडीला खालून टेकू द्यायची लोखंडी घोडी दोन हातांवर पडलेली असताना. पाय धरून बाहेर ओढला. जॅकचं सील कधी बसेल हे जॅकलाही माहीत नसतं, असं ओरडलो. "दोन मिनिटांचं काम होतं, मामा," तो म्हणाला. उस्तादांच्या पत्र्याची गोष्ट पुन्हा सांगितली. ती आता त्याला पाठ आहे, आणि पाठ झालेल्या गोष्टीची भीती वाटत नाही.

मला त्या फिटरचा राग येत नाही, हे लिहिताना लक्षात येतंय. तो त्याच्या जिवाशी खेळला, त्याची मर्जी. राग येतो तो टाळ्यांचा. भाच्याने पहिल्यांदाच फिटरसाठी टाळ्या वाजताना पाहिल्या, आणि त्या नेमक्या त्या कामासाठी.

आता तोच ट्रक माझ्या आवारात आलाय, लायनर बदलायला. ड्रायव्हर नवा आहे. हँडब्रेक लागत नाही म्हणून तो सीटखाली दगड ठेवतो, हे त्याने जुन्या सवयीच्या सुरात सांगितलं. मी भाच्याला खाली पाठवलं, या वेळी गुटके त्याने न सांगता लावले. बाहेर आला तो तोंड वेडंवाकडं करून. "मामा, बोल्ट सगळे तसेच आहेत. तारसुद्धा तीच आहे." म्हणजे घाटानंतर गाडी गुजरातच्या खेपाही करून आली, अशीच.

शेठना फोन केला: फाटलेलं चेंबर बदलावं लागेल, बाकीचे तपासून बोल्ट आत घ्यावे लागतील. ते म्हणाले, "चालतेय ना गाडी? मग तू लायनर टाक आणि सोड." मी म्हटलं, तसं कागदावर लिहून द्या, सही करा, मग सोडतो. ते हसले आणि फोन ठेवला. परवापासून त्यांचा फोन नाही, ड्रायव्हर गाडीखालीच सतरंजी टाकून झोपायला बघत होता, त्याला उठवून शेडमध्ये जागा दिली. गाडी दारातच उभी असल्यामुळे दुसरी आत घेता येत नाही, आणि भाचा सकाळपासून विचारतोय की या जागेचं भाडं आपण कुणाच्या बिलात लावायचं.