उन्हाळ्याची यादी : डाकारची मोटारसायकल आणि ब्रसेल्सचे बटाटे

सोलापूरचा मे महिना, त्यामुळे सगळं बघणं रात्री जेवणं उरकून, गच्चीवर प्रोजेक्टर लावून. पूर्व भागातलं घर. शेजारचे यंत्रमाग चालू असले की संवाद बुडतात. पण सबटायटल वाचणाऱ्याला त्याचं काय! या खेपेचा नियम एवढाच, की एका देशाचा एकच सिनेमा.

इराण : किआरोस्तामींचा ‘व्हेअर इज द फ्रेंड्स होम?’ (१९८७). मित्राची वही चुकून आपल्या दप्तरात आलीय, ती आजच पोचवायचीय. पोराचं ऐकून घ्यायला एकाही मोठ्या माणसाला सवड नाही. आजोबा तर खिशात सिगारेट असताना त्याला सिगारेट आणायला पिटाळतात, का, तर वळण लागावं म्हणून. असे आजोबा आपल्याकडे गल्लोगल्ली.

सेनेगल : मांबेतींचा ‘तुकी बुकी’ (१९७३). मोटारसायकलच्या हँडलला शिंगांसकट कवटी, डोक्यात पॅरिस, आणि पुन्हा पुन्हा वाजणारं जोसेफिन बेकरचं गाणं. सुरुवातीच्या कत्तलखान्याला दोघं उठून गेले. कथा निम्मी कळली, तरी यादीत सगळ्यात जिवंत हाच.

जपान : ‘टोकियो स्टोरी’ (१९५३). दिग्दर्शक ओझूंवर नवं काय लिहिणार? कॅमेरा जमिनीलगत, आम्हीही चादर अंथरून खालीच बसलेलो. नजरेला नजर जुळली.

बेल्जियम : शांताल अकरमनचा ‘झान डिलमन’ (१९७५). याचाच धसका होता. २०१ मिनिटं, कॅमेरा जागचा हलत नाही, आणि ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश सिने-मासिकाच्या २०२२च्या सर्वोत्तम सिनेमांच्या कौलात पहिला आल्याचं ओझं वेगळंच. विधवा बाई, तिचा मुलगा, तीन दिवस. स्वयंपाक, भांडी, दिवे लावणं-मालवणं, दुपारी येणारं गिऱ्हाईक.

खालच्या मजल्यावरच्या अक्का मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. वाचणं त्यांना जमत नाही, पण इथे वाचायला होतंच किती! दुसऱ्या दिवशीच्या प्रसंगात आमच्यातले दोघं मोबाइलमध्ये होते, तेवढ्यात अक्का म्हणाल्या, “पैशाच्या भांड्यावर झाकण ठेवलं नाही की तिनं.” मग बटाटे जास्त शिजले, तर ती पातेलं घेऊन या खोलीतून त्या खोलीत. अक्कांचे हात चालूच. पान, जर्दा, दोरा. “आता हिचं काही खरं नाही बघ.” ती बाई साकारणाऱ्या डेल्फिन सेरिगच्या चेहऱ्यावर तोवर रेघही हललेली नव्हती.

कुणी पहिला तास पळवायला सांगितलं तर ऐकू नका. पहिल्या दिवसाचा क्रम अंगवळणी पडला नाही, तर दुसऱ्या दिवशी काय बिघडलं ते दिसतच नाही. शेवट इथे सांगत नाही. माझ्याकडून दहापैकी साडेनऊ. अर्धा गुण कापला तो गच्चीवरच्या डासांमुळे, सिनेमाचा त्यात दोष नाही.

पुढे हंगेरी. बेला तार यांचा ‘सातानतांगो’ (१९९४), सात तासांहून मोठा. ज्यांनी पाहिलाय त्यांनी सांगा : दोन रात्रींत विभागला तर चालतं, की एका बैठकीतच बघायचा? एका बैठकीतच असेल तर चहाचा थर्मास मोठा लागेल, आणि अक्कांना आधी विचारावं लागेल.