हॅमॉकचा पट्टा निवडण्याआधी ताणाचा हिशोब

८० किलोचा माणूस हॅमॉकमध्ये, म्हणजे दोन झाडांमध्ये बांधलेल्या कापडी झोळीत, झोपला की दोन्ही बाजूंना ४०-४० किलो येतील, असं सहज वाटतं. दोऱ्या सरळ खाली लोंबत असत्या तर तसंच झालं असतं. पण हॅमॉकची दोरी तिरपी असते आणि ती जितकी आडवी ताणाल तितका तिच्यावरचा ताण वाढत जातो. माणूस आत असताना दोरीचा आडव्या रेषेशी कोन ३० अंश असेल तर प्रत्येक बाजूला पूर्ण ८० किलो येतात. १५ अंशांवर सुमारे १५५. ५ अंशांवर जवळजवळ ४६०, म्हणजे दोरीबरोबर कापडाची टोकं आणि बारीक झाडही धोक्यात. हॅमॉक सपाट दिसावा म्हणून कचकचून ताणणं हीच सगळ्यात मोठी चूक. कोन मोजायला साधन लागत नाही: १ मीटर लांबीत पट्टा अर्धा मीटर चढला की ३० अंश झाले.

आता ताकद. लेबलवरचा आकडा तुटण्याच्या भाराचा आहे की वापराच्या, ते आधी पाहा. तुटण्याचा असेल तर ५ ने भागा, म्हणजे वापराचा भार मिळतो. ३० अंशांवर ८० किलोच्या माणसाला किमान ४०० किलोंचा पट्टा हवा असं त्यातून निघतं. पण धपकन बसलं की ताण क्षणभर दुप्पटही होतो आणि कोन थोडाफार चुकतोच, त्यामुळे ६००-७०० च्या खाली जाऊच नये.

पॅराकॉर्ड ५५० (पॅराशूटची बारीक दोरी) या हिशोबात बसत नाही. ५५० हे पौंड आहेत, म्हणजे सुमारे २५० किलो. गाठीमुळे दोरीची ताकद जवळपास निम्मी होऊ शकते; उरले १२५, आणि १५ अंशांवर ताण त्याहून जास्त. शिवाय ही दोरी नायलॉनची. नायलॉन भाराखाली ताणतं, ओलं झालं की आणखी, त्यामुळे रात्री नीट बांधलेला हॅमॉक पहाटे जमिनीला टेकतो. बारीक दोरी सालीत रुतते हे वेगळंच. झाडाचं अन्न सालीच्या लगेच आतून वाहतं. तिथे झालेली जखम झाडाला महागात पडते.

म्हणून झाडाभोवती पॉलिएस्टरचा चपटा पट्टा, किमान २.५ सेंमी रुंद. साल मऊ असेल तर ४-५ सेंमी. पॉलिएस्टर फार कमी ताणतं, पाण्यातही. पॉलीप्रॉपिलीनची चकचकीत दोरी घेऊ नका, उन्हात ती लवकर कुजते. डायनीमा (कृत्रिम धाग्याची एक दोरी) ताकदीला उत्तम, पण इतकी गुळगुळीत की साध्या गाठी तिच्यावर घसरतात, आणि घर्षणाच्या उष्णतेने ती लवकर वितळते. पट्ट्यापासून हॅमॉकपर्यंतच्या तुकड्यापुरतीच ती वापरावी, तीही टोकाला गाठीऐवजी दोरीतच दोरी ओवून केलेल्या फाशाने.

कॅराबिनरवर, म्हणजे पट्टा आणि हॅमॉक जोडणाऱ्या उघडझाप कडीवर, किलोन्यूटनचा आकडा कोरलेला असतो. १२ म्हणजे साधारण १२०० किलो. आकडा नसलेला कॅराबिनर किल्ल्यांसाठी ठेवा. ओळीने फासे शिवलेल्या पट्ट्यात सगळा भार एका फाश्याच्या शिवणीवर येतो, तेव्हा ताकद त्या फाश्याची विचारा, अख्ख्या पट्ट्याची नव्हे. बकलने कसायचा पट्टा असेल तर तो बकलमधून सरकू शकतो, विशेषतः नवा आणि गुळगुळीत असताना. बकलमागे एक सुरगाठ मारली की सरकत नाही.

झाड जिवंत, खोड २० सेंमी तरी जाड, वर वाळलेली फांदी नाही. बसण्याची उंची ४५ सेंमीपेक्षा जास्त नको.

दर वेळी बांधण्याआधी पट्टा बोटांतून सरकवत तपासा. शिवणीचे टाके उसवलेले, कडेला चीर, वितळून कडक झालेली जागा किंवा उन्हाने उडालेला रंग, यातलं काहीही दिसलं तर तो पट्टा सामान बांधायलाच वापरा. पाऊस असेल तर हॅमॉकच्या टोकाआधी, ताडपत्रीच्या आडोशाखाली, पट्ट्याला सुती दोऱ्याचा वीतभर तुकडा लोंबता बांधा. खोडावरून पट्ट्यावर आलेलं पाणी तिथेच खाली गळतं.