आमची वाटचाल: एकाच कव्हरापुरती नक्षी

कोल्हापुरात चामड्याचं काम करतो म्हटलं की पुढचा प्रश्न चपलांचाच येतो. आम्ही चपला करत नाही. घरात होत होत्या. आबा सुभाषनगरात चपलांचे तळ ठोकून बसवायचे, आई आणि काकू पट्ट्यांवर वेणी घालायच्या, पंच मारायच्या. मी २०१६ पासून कव्हरं करतो: चष्म्याची घरं, बासरीच्या नळ्या, सतार छेडायच्या नखीच्या डब्या, डायऱ्यांची वेष्टणं. प्रत्येक वस्तू गिऱ्हाइकाच्या मापाची आणि तिच्यावर उठवलेली नक्षीही त्याचीच. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीने मिलानमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, तेव्हा आमचा फोनही चपलांसाठीच वाजत राहिला. सगळ्यांना शेजारच्या गल्लीत पाठवलं. त्यांचा तरी धंदा झाला.

कव्हरांकडे वळलो त्याला कारण होतं. मार्च २०१५ मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा बैलांनाही लागू झाला. चपलेच्या तळाला जाड कातडं लागतं. बैलाचं मिळेना, म्हशीच्या कातड्यावर सगळ्यांची उडी पडली. भाव वाढले तरी चपलेची किंमत गिऱ्हाईक वाढवून देईना. कव्हराला दोन-अडीच मिलिमीटर जाडी पुरते, चामडं कमी लागतं आणि किंमत कामाची मिळते. आबांना हे पटायला वेळ लागला. ‘पायात घालायचं सोडून खिशात ठेवायचं करणार?’ असं ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे.

नक्षी उठते ती चामड्याच्या जातीमुळे. बाजारातलं बहुतेक चामडं क्रोममध्ये, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत, कमावलेलं असतं. मऊ, रंगीत, दिसायला देखणं. पण त्यावर थंड ठसा दाबला तर काही वेळात पुसट होतो, कारण दाब निघाला की ते पुन्हा वर येतं. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं आपलं चामडं पाणी पितं. ओलं असताना दाबलं की तंतू दबून बसतात आणि वाळल्यावर तसेच राहतात. दाबलेला भाग जरा गडद होतो, म्हणून रंग न लावताही नक्षीला सावली मिळते. पातळ कामाला आम्ही तमिळनाडूतून, इरोड-दिंडिगुलकडचं चामडं मागवतो. तिकडची कमावणीही सालीचीच.

मग राहते ओल, आणि खरं सांगायचं तर अर्धी कारागिरी तिच्यातच आहे. आदल्या रात्री चामड्याच्या दोन्ही बाजूंनी ओला स्पंज फिरवायचा, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवायचं, सकाळी मोकळं करायचं. रंग पुन्हा मूळ फिकटपणाकडे वळू लागला, पण गालाला लावून अजून गार लागतंय, ती ठसा मारायची वेळ. फार ओलं असलं तर नक्षी चिखलात उमटलेल्या पावलासारखी कडा नसलेली दिसते; कोरडं असलं तर ठसा नुसता ओरखडतो. मे महिन्यात ही वेळ बघता बघता निघून जाते, आषाढात दुपारपर्यंत येत नाही. गरम डाय, म्हणजे तापवलेला नक्षीचा धातूचा साचा, या ओल्या चामड्यावर चालत नाही. सालीचं चामडं ओलं असताना साधारण ७०-८० अंश सेल्सिअसलाच आक्रसतं आणि कडक होतं. नावाची सोनेरी अक्षरं गरम डायनेच उठतात, म्हणून ती सगळ्यात शेवटी, पूर्ण वाळल्यावर.

सुरुवात आम्ही पूर्ण आकाराच्या पितळी डायवर केली. हातप्रेसमध्ये डाय लावायची, चाक फिरवायचं, झाकणाची सगळी नक्षी एका दाबात. शंभर कव्हरं करायची असतील तर याच्यासारखं सोपं काम नाही. कंपन्यांच्या दिवाळी भेटीच्या डायऱ्या आजही अशाच होतात. पण ज्याला वडिलांच्या चष्म्यासाठी एकच घर हवंय, त्याने आणलेल्या नक्षीची डाय करायची म्हटलं तर डायचा खर्च कव्हराच्या किमतीच्या वर जातो. तो बिचारा ‘बघतो’ म्हणून जायचा आणि परत यायचा नाही. एकेक वस्तूचं काम करायचं हे ठरलेलं होतं, आणि नेमकं तेच परवडत नव्हतं.

तोडगा गुजरीत, म्हणजे इथल्या सराफ बाजारात, सापडला. ओळखीच्या कारागिराकडे साज घडताना पाहिला. साजाची पानं छोट्या छोट्या वेगवेगळ्या ठशांवर उठवतात, आत लाख भरतात आणि मग ओवतात. पूर्ण साजाचा एक ठसा कुणाकडेच नसतो. चामड्यावरही तेच करायचं ठरलं: अख्ख्या नक्षीची डाय नको, नक्षीचे तुकडे करायचे. एक कोयरी, एक पाकळी, एक थेंब, एक अर्धगोल, दोन जाडीच्या रेघा. हे तुकडे हातोडीने एकेक मारत गेलं की कुठलीही वेल, कुठलीही किनार उभी राहते. खर्च ठशांचा एकदाच, पुढे फक्त हाताचा.

ठसे धाकट्या भावाने केले. तो शिवाजी उद्यमनगरात टर्नर आहे. पितळी सळीच्या टोकावर तो कानशीने आणि छोट्या छिन्नीने आकार काढतो. लोखंड स्वस्त पडलं असतं, पण ओल्या सालीच्या चामड्याला साधं लोखंड लागलं की सालीतून आलेल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी त्याची क्रिया होऊन निळा-काळा डाग पडतो. पूर्वीची लिहायची काळी शाई याच क्रियेतून व्हायची. त्यामुळे पितळ, नाहीतर स्टेनलेस. हातोडी चामड्याची किंवा लाकडाची, खाली ग्रॅनाइटची लादी.

आकार कुठून घ्यायचे हाही प्रश्नच होता. साजातला चंद्र आणि भुंगा घेतला. दशावतारांची पानं घेतली नाहीत. देवाची आकृती चामड्यावर उठवायची नाही हे घरात पहिल्यापासून ठरलेलं. बेलपानावर मात्र बराच वाद झाला. आकार सुंदर, तीन दळं ठशाला सोयीची. आबा नको म्हणाले, विषय संपला. किनारीसाठी खिद्रापूरला जाऊन कोपेश्वराच्या खांबांवरच्या पट्ट्या कागदावर उतरवल्या. दगडातली नक्षी चामड्याला फार मानवते, कारण ती मुळातच सावलीवर चालते. पैठणीचा मोर तितका जमत नाही. त्याची गंमत रंगात आहे, रंग काढून घेतला की उरतो तो कोंबडाच.

ठसे मारण्यात आईचा हात आम्हा सगळ्यांपेक्षा बरा. चपलेच्या पट्ट्यांना वर्षानुवर्षं पंच मारले असल्याने तिचे दोन ठोके सारख्याच खोलीचे पडतात. माझ्या रेघेत अजून खाचा दिसतात. ती आधी कोपरे मारते, मग मध्य, आणि बाजू शेवटी भरते, म्हणजे हिशेब चुकला तरी तो बाजूंच्या गर्दीत जिरतो. ठोक्यांनी चामडं पसरतं, म्हणून तुकडा मापापेक्षा मोठा घेऊन पाठीमागे चिकटपट्टी लावतो आणि रापी, म्हणजे चामडं कापायची सुरी, नक्षी संपल्यावरच चालवतो. घडीवर आणि शिलाईजवळ नक्षी नाही. बासरीची नळी लाकडी फर्म्यावर गुंडाळतो तेव्हा चामडं पुन्हा ओलवावं लागतं आणि नक्षी थोडी ताणली जाते, हे धरून तिथले ठोके जरा खोल.

लेझरने नक्षी का काढत नाही, असं पुष्कळ जण विचारतात. लेझर चामडं जाळतं, दाबत नाही. रेघ बारीक येते, हवी तेवढी येते. पण बोट फिरवलं तर ठशासारखं उंचसखल लागत नाही, आणि नव्या कव्हराला जळका वास येतो. ज्यांना कंपनीचं बोधचिन्ह हुबेहूब हवं त्यांनी लेझरच करावं, आम्ही तसं सांगतोही.

२०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर चामडं पोटमाळ्यावर गेलं, मशिन खाली राहिली. बुरशी मात्र पूर नसला तरी येते. गिऱ्हाइकांना इतकंच सांगतो की कव्हर पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवू नका, कापडात ठेवा, आणि दसऱ्याच्या आसपास थोडं तेल पाजा.

सध्या मिरजेच्या वाद्यवाल्यांकडून काम वाढतंय. नखीची डबी काडेपेटीएवढी, तिच्या झाकणावर चार-पाच ठसे मावतात, आणि घेणारा सतारीच्या भोपळ्यावरच्या नक्षीशी ती जुळते का हे बघतो. नाही जुळली तर परत करतो. असं गिऱ्हाईक आम्हाला आवडतं.

एका कव्हराला दोन ते तीन आठवडे लागतात, पावसाळ्यात जास्त. अनंत चतुर्दशीनंतर दिवाळीचं काम घेत नाही. मापासाठी फोटो पाठवू नका, वस्तूच पाठवा. बासरी तर नक्कीच, कारण एकाच पट्टीच्या दोन बासऱ्यांचा बांबू सारख्या जाडीचा नसतो.