नियमांवर चालणारी छोटी भाषा लिहिताना: गुणाकारातल्या शून्याचा घोळ

बीजगणितातली पदं नियमांनी सोपी करत जाणारी भाषा लिहायची, तर कंसांची मांडणी घेतली की पार्सर (मजकूर वाचून त्याची रचना ओळखणारा भाग) पन्नास-साठ ओळींत उरकतो, त्यावर जीव काढू नका. (+ २ क्ष), म्हणजे २ + क्ष, वाचून झाड बनवायचं (प्रत्येक क्रिया एक नोड, तिची पदं त्याखाली), नियमाची डावी बाजू जुळली की तिथे उजवी ठेवायची, काही बदलेनासं होईपर्यंत फिरायचं. ?अ म्हणजे काहीही चालेल, तोच ?अ नियमात पुन्हा आला, तर आधी पकडलेल्याशी तंतोतंत जुळला पाहिजे. (विकल ?अ ?अ) → १ त्यावरच चालतो; विकल म्हणजे पहिल्या पदाचं दुसऱ्याच्या संदर्भात विकलन.

घोडं पेंड खात होतं ते अदलाबदलीपाशी. (* ?अ ?ब) → (* ?ब ?अ) हा नियम स्वतःच्याच उत्तराला परत लागतो, प्रोग्राम थांबतच नाही. तो काढला, तर (* ० ?अ) → ० ला (* क्ष ०) ओळखता येत नाही. समीकरणांना एकतर्फी नियमांचं रूप देणारी १९७० ची क्नुथ-बेंडिक्स पद्धतही अशा समीकरणापाशी अडते: दोन्ही बाजू सारख्याच, बाण कुठे वळवणार?

म्हणून अदलाबदल नियमांत ठेवायचीच नाही. नोड बांधतानाच आतली बेरीज सपाट करायची आणि पदं क्रमाने लावून घ्यायची: आधी आकडे, मग नावं, मग संयुक्त पदं. (+ २ (+ क्ष ३)) चं (+ २ ३ क्ष) होतं. मॅथेमॅटिका या गणिती सॉफ्टवेअरमध्ये यालाच फ्लॅट आणि ऑर्डरलेस म्हणतात.

एवढं करूनही (विकल (* ३ क्ष) क्ष) चं उत्तर ३ येईना. (+ ३ (* क्ष ०)) वर गाडी थांबायची. एरर नाही, काही नाही. दोन रविवार यात गेले. झालं होतं असं: गुणाकाराच्या विकलन-नियमातून आलेल्या (* क्ष (विकल ३ क्ष)) मधलं आतलं पद ० झालं, पण बाहेरचा नोड मी जागच्या जागी दुरुस्त करत होतो. संयुक्त पदाच्या जागी आकडा आला, तरी क्रम जुनाच. शून्य मागेच राहिलं. नोड कधी बदलू नका, दर वेळी त्याच बांधणी-फंक्शनमधून नवा काढा. पायथनमध्ये टपल (एकदा बनवली की बदलता न येणारी यादी) वापरलं की हात आपोआप बांधले जातात. नियमांच्या डाव्या बाजूही त्याच क्रमात लिहा.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: हजार पायऱ्यांची मर्यादा घाला आणि प्रत्येक पायरीला कोणता नियम लागला त्याचा नंबर छापा. (विकल ?अ ?ब) → ० ला ‘अ आकडा असेल तरच’ ही अट हवी, नाहीतर सगळंच शून्य. आणि कंस सोडवणारा नियम व सामाईक काढणारा नियम एकाच संचात ठेवू नका. दोघं एकमेकांचं काम रात्रभर उसवत बसतात.